एका गाडीतलं द्वंद्वयुद्ध

रमण पेडणेकर भांडखोर नव्हता. वेंगुर्ल्याचा असूनही नव्हता, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं. आखातात, कुरुमच्या एका कन्सल्टन्सीत तो ड्राफ्ट्समन होता. दिवसभर लोकांच्या इमारतींचे जिने काढायचा आणि संध्याकाळी रुवीला परतून, लिफ्ट बंद असली की, स्वतःच्या इमारतीचे पाच मजले चढायचा. कुणी मोठ्या आवाजात बोललं तर हा आधी चष्मा पुसायचा. तोवर समोरच्याचा राग निम्मा झालेला असायचा.

पण माणसाला एखादं खूळ लागतंच. रमणला फ्रेंचांचं लागलं. मराठी मंडळींच्या वाचक कट्ट्याच्या कपाटात त्याला एक जाडजूड पुस्तक सापडलं. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबऱ्या ज्या समाजातून निघाल्या, त्या समाजाबद्दलचं ते पुस्तक होतं. कादंबरी मात्र त्याने एकही वाचली नव्हती. त्यात नावं फार असतात, अशी त्याची तक्रार होती. त्याला रस होता तो त्यामागच्या संसारात. पॅरिसमध्ये पाणीवाला दोन बादल्या घेऊन सहा मजले चढायचा, श्रीमंत पहिल्या मजल्यावर आणि गरीब माळ्यावर राहायचे, नाचाला जायचं तर कारकून काळा कोट भाड्याने आणायचा, हे वाचून तो हरखून जायचा. त्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर राहणारा, मोबाइलचं दुकान चालवणारा रत्नागिरीचा यूनुस सरदार ठरत होता आणि पाचव्या मजल्यावरचा रमण भिकारी. हेही तो आनंदाने सांगायचा.

सांगायचा कुणाला? लहू साळवेला. दुसरा सापडणार कोण? लहू नांदेडचा, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्याचंही ऑफिस कुरुमलाच. गाडी लहूची, कारण रमण ड्रायव्हिंगच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झाला होता की परीक्षक त्याच्या घरच्यांची चौकशी करायचा. रोज सकाळी रमण बोलायचा आणि लहू हुंकार भरायचा. लहूची बायको मैत्री सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला गेली होती, तेव्हापासून प्रभावती, म्हणजे रमणची बायको, त्याचाही डबा देत होती. थोडक्यात, दोन घरांचा एकच संसार चालला होता.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, कट्ट्यावर रमणचं भाषण ठरलं. विषय 'फ्रेंच कादंबऱ्यांमागची माणसं'. प्रभावतीने इस्त्रीचा शर्ट काढून दिला. रमण खरोखर छान बोलला. रात्री उशिरा आलेल्या भाडेकरूला दार उघडायला रखवालदारीण अंथरुणातूनच दोरी ओढायची, हे त्याने हाताने ओढून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? पहिल्या रांगेतून लहूचा हात वर गेला.

"भाषण झकास झालं. पण रमण, यातली एक तरी कादंबरी तू वाचलीस का रे?"

सभागृह खो खो हसलं. रमणने चष्मा काढला, पण पुसला नाही. हे गुपित त्याने गाडीत, फक्त लहूला सांगितलं होतं. गाडीत सांगितलेलं गाडीत राहतं, असा त्याचा समज होता.

"लहू," तो म्हणाला, "पॅरिसमध्ये अशा अपमानानंतर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आपली दोन माणसं पाठवायचा. द्वंद्वासाठी!"

"पाठव की," लहू हसत म्हणाला.

आता तिथेच चहा घेऊन विषय मिटवायचा की नाही? पण वेंगुर्ल्याचं रक्त कधी नव्हे ते जागं झालं. शनिवारी सकाळी यूनुस आणि एक्स्चेंज हाऊसमधला गजेंद्र असे दोघे रीतसर लहूच्या दारात उभे राहिले. नियम पुस्तकात स्पष्ट होते. ज्याचा अपमान झाला त्याने दोन मध्यस्थ पाठवायचे, समोरच्याने आपले दोन नेमायचे, आणि या चौघांनी बसून जागा, वेळ आणि हत्यार ठरवायचं. मुख्य म्हणजे, तोवर दोन्ही पक्षांनी एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. लहूला वाटलं, गंमत आहे, आठवड्यात संपेल. त्याने कट्ट्यावरचा प्रताप आणि प्रतापच्या मेहुण्याला नेमलं.

आणि रविवार उजाडला. इथे आठवडा रविवारी सुरू होतो, ऑफिसला तर जायलाच हवं. कट्टर शत्रू एकाच गाडीत शेजारी शेजारी बसले. प्रभावतीने दिलेला शत्रूचा डबा रमणने मुकाट्याने मधल्या खाचेत ठेवला.

एप्रिलमध्ये उन्हं तापली तशी पंचाईत वाढली. लहूला एसी फुल लागायचा आणि रमणचे कान थंडीने दुखायचे. पण बोलणार कसा? त्याने यूनुसला फोन लावला. "समोरच्या पक्षाला कळवा, एसी कमी करा." यूनुसने प्रतापला कळवलं. मिनिटभरात लहूचा फोन गाडीच्या स्पीकरवर वाजला आणि प्रतापचा आवाज गाडीभर घुमला, "लहूभाऊ, तुमच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचे कान दुखताहेत."

"त्यांना म्हणावं, मफलर आणा," लहू म्हणाला.

"ऐकलं मी," रमण यूनुसला फोनवर म्हणाला. "पण रीतसर कळवा."

मध्यस्थांनी मात्र उच्छाद मांडला. पिस्तूल म्हटलं तर पोलीस, तलवार म्हटली तर आणायची कुठून? कॅरम सुचला, पंजा लढवणं सुचलं, ठेचा खाण्याची पैज सुचली. दर गुरुवारी संध्याकाळी चौघे रमणच्या हॉलमध्ये बसायचे, आणि भजी संपेपर्यंत घोडं पुढे सरकायचं नाही. मग म्हणायचे, इन्शाल्ला पुढच्या गुरुवारी. रमणने नियमाप्रमाणे आतल्या खोलीत बसायचं असायचं.

"भांडाण तुमचा आणि तळूचा मात्र मिया!" प्रभावती कढईपाशी फणफणायची. "तो पॅरिसवालो येऊन कांदे चिरता काय?"

खरं सांगायचं तर रमणलाही कंटाळा आला होता. पुस्तकात रोज नवं काही सापडायचं आणि सांगायला कुणी नसायचं. एकदा तर तो पाणीवाल्यांबद्दल यूनुसमार्फत कळवणार होता, पण ते प्रकरणाशी संबंधित नाही म्हणून यूनुसने नकार दिला. माफी मागावी तर अपमान आपलाच झालेला. पहिला शब्द लहूने बोलावा, एवढंच त्याला हवं होतं. लहू बोलत नव्हता. हल्ली तर गाडीत गाणीही लावत नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणत रमण खिडकीबाहेर बघायचा.

अशाच एका गुरुवारी प्रतापने भजी खाता खाता तोंड उघडलं. आतल्या खोलीत रमण दाराला कान लावूनच होता.

"यूनुसभाई, आता तारीख लवकर घ्या. पंचवीसच्या आत. आमच्या पक्षाचा व्हिसा कॅन्सल होतोय. महिनाअखेरीला फायनल एक्झिट, कायमचं घरी."

"काय सांगता? नोकरी?"

"खलास. तेलाचे भाव पडले ना. अर्धं ऑफिस काढलं."

स्वयंपाकघरातला झारा थांबला. रमण दार ढकलून बाहेर आला. "लहूची?" त्याने विचारलं. "आपल्या लहूची?"

"अहो पेडणेकर, तुम्ही आत बसा," प्रताप गडबडला. "हे नियमात बसत नाही."

"नियम गेले खड्ड्यात!" रमण ओरडला. या घरात तो पहिल्यांदाच ओरडत होता. चौघेही आपापली बशी घेऊन उभे राहिले. रमणने लगेच लहूला फोन लावला, पण लहूने उचलला नाही. शुक्रवार-शनिवारीही उचलला नाही. शनिवारी संध्याकाळी रमण त्याच्या दारात जाऊन आला, कुलूप होतं.

रविवारी सकाळी मात्र गाडी नेहमीच्या जागी उभी होती. रमण आत बसला. डबा मांडीवरच ठेवला. गाडी रुवीच्या चौकातून बाहेर पडली तरी त्याला सुरुवात सापडेना. शेवटी तो एकदम म्हणाला, "ही बातमी मला प्रतापकडून कळते?"

लहू समोर बघत गाडी चालवत होता. "त्यालाही बुधवारी सांगितली, तारखेसाठी अडून बसला होता म्हणून."

"पण तुला कधी कळलं?"

"तुझ्या भाषणाच्या आदल्या दिवशी तीन महिन्यांची नोटीस मिळाली."

रमणला काही उमजेना. "आणि तरी तू तिथे सगळ्यांसमोर ते विचारलंस?"

"डोक्यात नुसता भुगा झालेला रे. वाटलं, एकदा सगळ्यांबरोबर मोठ्याने हसावं. तू असा चिडशील असं कुठं वाटलं मला? मैत्रीलाही अजून सांगितलं नाही. तिला सांगायच्या आधी तुला सांगणार होतो, त्याच शुक्रवारी, घरी जाताना."

"मग सांगायचं ना! इतके दिवस रोज शेजारी बसतोय मी!"

"कुणामार्फत?" लहूने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "मी प्रतापला सांगू, त्याने यूनुसला, आणि यूनुसने तुला? नोकरी गेली, हे दोन माणसं पाठवून सांगतात होय रे?"

रमणने चष्मा काढला. या वेळी तो खरोखर पुसावा लागला. कितीतरी वेळ पुसत राहिला.

"आज ऑफिस नको," तो म्हणाला. "समुद्रावर जाऊ."

"नोटीस मला मिळालीय, तुला नाही. तू गप ऑफिसला जा."

कुरुमचा फाटा आला. लहूने वळणदिवा लावला, मग बंद केला, आणि गाडी सरळ पुढे गेली.  स्पीकरवर प्रतापचा फोन वाजायला लागला, तो लहूने कापला.

"नांदेडला जाऊन करणार काय?" रमणने विचारलं.

"माहीत नाही रे," लहू म्हणाला, आणि मग रस्ताभर त्याबद्दलच बोलत राहिला. रमण हुंकार भरत होता.