पिंपावर बसलेल्या मुली

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगीत टँकर आला की प्रत्येक घर आपलं पिंप रांगेत लावायचं आणि त्यावर आपलं पोर बसवायचं. रिकामं पिंप कोणीही लाथेने मागे सरकवतं. पोर बसलेलं सरकवायला जरा लाज वाटते. ही युक्ती आम्हा बायकांचीच. त्या नादात मुलांना आपण मारामारीच्या पहिल्या रांगेत बसवतोय, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मी डोंबिवलीची. माहेरी आवाज चढला तर बाबा नुसते चष्म्यावरून बघायचे आणि मी गप्प व्हायचे. तीच मी लग्नानंतर दिव्यात आले आणि समोरच्या वहिनीचा अंबाडा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाइप आपल्या पिंपात सोडायला शिकले. त्या दिवशी तिने माझ्या मनगटावर कळशी हाणली, मी तिला टँकरच्या चाकावर ढकललं. तिचं कोपर सोललं, माझ्या बांगड्या फुटून हातात रुतल्या. पुरुष मंडळी लांब उभी राहून "सोडू नका वहिनी!" असा मोलाचा सल्ला देत होती. निम्मं पाणी गटारात गेलं. माझी पहिलीतली मुलगी पिंपावर पाय हलवत बसलेली. शेजारच्या पिंपावर वहिनीची, तशीच.

घरी आल्यावर हाताला हळद लावता लावता मी लेकीला म्हटलंसुद्धा, "चांगल्या मुली भांडत नाहीत हं."

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरून किंकाळी आली. धावत वर गेले. मुलं टँकर-टँकर खेळत होती. बादल्यांची रांग, बादल्यांवर धाकटी भावंडं बसवलेली. आणि माझी मुलगी वहिनीच्या मुलीची वेणी मुठीत धरून तिचं डोकं टाकीच्या कडेवर आपटत होती. एकदा. परत एकदा. बाकीची पोरं ओरडत होती, "सोडू नको! सोडू नको!" त्या पोरीच्या डोळ्यातून रक्त वाहत होतं. मला तरी तसंच दिसलं.

मी माझ्या लेकीला ओढलं आणि कानाखाली वाजवली. "कोणी शिकवलं गं हे?"

ती रडलीसुद्धा नाही. "मी तू झालेले ना. आणि ती तिची आई."

तेवढ्यात वहिनी जिन्यातून आली. ती माझ्यावर धावून येईल म्हणून मी आधीच मूठ वळली. आता हाताला तेवढंच येतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पोरीला उचललं. "रिक्षा बघ गं, लवकर!"

रिक्षात मी पोरीच्या कपाळावर ओढणी दाबून धरलेली. "डोळा गेला तर? हिचा डोळा गेला तर?" वहिनीचं एकच चाललं होतं. माझी मुलगी कोपऱ्यात, गालावर माझी बोटं उमटलेली.

डॉक्टरांनी रक्त पुसलं. भुवई फाटली होती. "डोळा वाचलाय. जरा खाली लागलं असतं तर..." वहिनी मटकन स्टुलावर बसली आणि माझाच हात धरून हमसून हमसून रडली.

टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "लागलं कसं?"

"पडली," मी आणि वहिनी एकदम म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

"जिन्यात," वहिनीने जोडून दिलं.

डॉक्टर पोरीकडे वळले. "हो का गं?"

तिने एका उघड्या डोळ्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो. जिन्यात पडले."

"तिकडे पाणी सांडलेलं," माझी मुलगी म्हणाली. जराही न अडखळता.