आमचे व्याही बसून राहिले

आमच्या व्याह्यांनी ज्याला टॉवेल-टोपी दिली नाही असा माणूस खापर ते अक्कलकुवा या रस्त्यावर सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो कालच कुठून तरी आलेला असणार आणि व्याही पिशवी घेऊन त्याच्याकडेच निघालेले असणार. हे माझ्या सुनेचे वडील. आमच्या भागात लग्नात, साखरपुड्यात, दुकानाच्या उद्‌घाटनात मानाच्या माणसाला पुढे बोलावतात, डोक्यावर पांढरी टोपी ठेवतात, खांद्यावर टॉवेल टाकतात, हातात नारळ देतात. बाकीचे लोक हे काम चहा गार व्हायच्या आत उरकतात. व्याह्यांच्या हातात माइक गेला की नवरा-नवरी पाटावर आणि आम्ही मांडवात वाळत बसतो. माझ्या मुलाच्या लग्नात त्यांनी वऱ्हाडाच्या ट्रकच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचा सत्कार केला, मग क्लीनर राहिला म्हणून माइक परत मागून घेतला. मी भर मांडवात म्हणाले, "व्याही, आता त्या भाताचाही सत्कार करून टाका, तो केव्हाचा बसून आहे." ते हसले नाहीत. "विहीणबाई, जो राही जास, तो जलमभर ध्यानमा ठेवस," एवढं बोलून त्यांनी आचाऱ्याला पुढे बोलावलं.

त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी. तिच्यात टोप्या, टॉवेल आणि निदान एक नारळ. हे टॉवेल इतके पातळ की त्यांनी पाणी पुसलं जात नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. शिवाय गावात सगळ्यांकडे तेच असल्यामुळे ते फिरत राहतात, आणि मला एकदा मीच दिलेला टॉवेल परत मिळाला, कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून ओळखला. एका उन्हाळ्यात गल्लीतली वीज गेली. वायरमन खांबावर चढला. व्याही खाली उभे राहून त्याला हाका मारू लागले. बिचारा काही बिघडलं असेल म्हणून खाली उतरला, तर यांनी त्याला टोपी घातली, नारळ दिला आणि त्याच्या कामाबद्दल चार शब्द बोलले. नारळ हातात घेऊन त्याला वर चढता येईना. गल्ली तेवढा वेळ उकाड्यात उभी राहून टाळ्या वाजवत होती. मोतीबिंदूच्या वेळी त्यांनी डॉक्टरचा सत्कार ऑपरेशनच्या आधी केला. नंतर दिसलं नाही तर टोपी वाकडी बसेल, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्यात एकच माणूस त्यांच्यावर खरोखर रागावलं, आणि ती नेमकी आमची नात. मुलगा-सून बडोद्याला असतात. तिथे ती लहानपणापासून व्हायोलिन शिकली. शाळेत असताना तिच्या मामाच्या लग्नात तिने पहिल्यांदा आमच्यापुढे वाजवलं. वाजवताना दम घ्यायला क्षणभर थांबली, तर व्याही, संपलं असं समजून, उठले आणि माइकवर म्हणाले, "आता सरपंचांचा सत्कार." पोरीने व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीला कडी लावली आणि जेवलीही नाही. "आबांसमोर मी पुन्हा वाजवणार नाही," म्हणाली. व्याह्यांना ती आबा म्हणते. आणि खरंच, पुढे कितीतरी वर्षं ती सुट्टीत यायची ती मोकळ्या हाताने. व्याही तिच्या रिकाम्या हातांकडे बघायचे आणि पिशवीची गाठ आवळत बसायचे.

मग गेल्या उन्हाळ्यात तिचाच फोन आला. ती वाजवते तो बडोद्याचा वाद्यवृंद, म्हणजे बसभर माणसं आणि त्यांची वाद्यं, अक्कलकुव्याच्या शाळेच्या नव्या हॉलमध्ये कार्यक्रम करणार होता. सगळ्यांना हातातल्या काडीने चालवणारे कंडक्टर गोव्याहून पाहुणे म्हणून येणार होते, आणि पुढे एकटीने वाजवणारी ती. आल्या आल्या तिने आबांना समोर बसवलं. "आबा, मी वाजवताना उठायचं नाही. मधे सगळे थांबले तरी नाही. पार संपल्यावर." आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मग माझ्याकडे आले. "विहीणबाई, तुम्ही मन्हा बाजूले बठा. माले उठू देऊ नका." मी म्हटलं, दोरी आणू का. ते म्हणाले, "दखा, लागी बी."

हॉल भरला होता. आमच्याकडे फुकट असलं की भरतो, पण या वेळी लोक पोरीसाठी आले होते हेही खरं. पाहुणे आले, उंच, पांढऱ्या केसांचे. वाकून नमस्कार केला आणि लगेच आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. व्याह्यांनी माझा हात धरला. "पाहुना रुसना."

"रुसला नाही, तसंच असतं ते."

"मी सांगस तुम्हले, रुसना. त्याले कोणी टोपी दिन्ही नही. आते पाठ फिरावी दिन्ही."

वाद्यं सुरू झाली. पोर मधोमध उभी, व्हायोलिन खाली धरून, आणि मागचे सगळे वाजवतायत. व्याही आणखी कासावीस झाले. "पोरीले वाजाडू बी देत नहीत. पाहुनानी रीस पोरीवर निघी ऱ्हायनी." पिशवीत हात गेला. मी पिशवी ओढून माझ्या पायाखाली घेतली आणि वर पाय ठेवला. तेवढ्यात पोरीने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि व्याही खुर्चीत मागे टेकले.

मला त्यातलं काही कळत नाही. पण मधे एक जागा आली, बाकीचे सगळे थांबले आणि ती एकटीच अगदी बारीक आवाजात वाजवत राहिली. वरच्या पंख्याची करकर मधे येत होती. कोणीतरी उठून पंखा बंद केला. उन्हाळ्यात अक्कलकुव्यात माणसं पंखा बंद करतात, यापेक्षा मोठं कौतुक मला माहीत नाही.

मग सगळेच थांबले. पाहुण्यांनी हात खाली घेतले. पूर्ण हॉलच्या माना आमच्याकडे वळल्या. इतक्या वर्षांची सवय, व्याही उठल्याशिवाय काही संपत नाही. पुढच्या ओळीतला एकजण कुजबुजला, "काय आबा, आज पिशवी रिकामी का?" व्याह्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. कपाळावरून घाम टपकत होता. पोरीने वरून एकदा पाहिलं. ते बसलेले होते. तिने पुन्हा व्हायोलिन उचललं. असं आणखी एकदा झालं, आणि तेव्हाही ते बसलेले होते.

शेवटी सगळी वाद्यं एकदम जोरात वाजली आणि थांबली. पाहुणे आमच्याकडे वळले. पोरीने हात खाली घेतला. आणि हॉलमध्ये चिडीचूप. एक टाळी नाही. सगळे व्याह्यांकडे बघतायत, आणि व्याही शब्द पाळून समोर बघतायत. पाहुण्यांना काही कळेना. पोरीचा चेहरा उतरत चालला. आपल्या माणसांना आवडलं नाही, असं तिला वाटायला लागलं होतं, ते मला खालून दिसत होतं.

मी त्यांना कोपर मारलं. "उठा आता."

"सरनं का?"

"सरलं. सगळं सरलं. उठा म्हणते ना."

"नक्की?"

मी पिशवी त्यांच्या मांडीवर आदळली. ते उठले, आणि त्यांच्यामागे सगळा हॉल उठला. टाळ्या इतक्या झाल्या की बाहेरचा पानवाला दुकान सोडून बघायला आला. पुढचं सांगायला नको. पाहुण्यांना टोपी, टॉवेल, नारळ. मग एकेक करून सगळ्यांना. पाहुण्यांनी टोपी नीट बसवली आणि ती घालूनच पाणी प्यायले. टोप्या सरल्या तेव्हा मागचा मोठे नगारे वाजवणारा राहिला होता. तो नको नको म्हणत होता, व्याह्यांनी स्वतःच्या डोक्यावरची काढून त्याला घातली. त्यांचं टक्कल गावाने पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी ते पोरीपुढे उभे राहिले. पिशवी रिकामी, डोकं उघडं, हातात चालू माइक. आम्ही सगळे वाट बघत होतो. वायरमनवर चार शब्द बोललेला माणूस नातीवर एक शब्द बोलू शकला नाही. माइकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. तिनेच तो त्यांच्या हातातून काढून घेतला, "आबा, बसला होतात तुम्ही," म्हणाली, आणि त्यांना धरून खाली आणलं.

तेव्हापासून त्यांना एक खोड लागली आहे. कोणाचंही लग्न असो, ते माझ्या शेजारची खुर्ची धरतात, पिशवी मांडीवर घेतात आणि दर थोड्या वेळाने वाकून विचारतात, "विहीणबाई, उठू का?" मी "बसा" म्हटलं की बसतात. मांडवातली जेवणं आता वेळेवर होतात, तरी लोक तक्रार करतात, पूर्वीसारखी मजा नाही म्हणतात. या वर्षी त्यांचे गुडघे फार धरले आहेत. खुर्चीतून उभं राहायला बराच वेळ लागतो, आणि कोणी हात दिलेला त्यांना चालत नाही. म्हणून "उठा" मी हल्ली जरा आधीच सांगते.