अर्धा कोयता

आजी माझ्या जन्माआधीच गेली. तिचा एक फोटोसुद्धा नाही. ती होऊन गेली याचा कागदावर एखादा तरी पुरावा असावा, या हट्टाने मी शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात मिळेल ते दप्तर धुंडाळलं. सातबाऱ्यावर आजोबा. रेशनकार्डावर आजोबा. दुष्काळात पाझर तलावाचं काम निघालं, त्याच्या हजेरीपटावरही आजोबाच. त्याच कामावर त्यांच्या पायावर दगड पडला आणि पाय कायमचा अधू झाला.

शेवटी मुकादमाच्या मुलाने ऊसतोडीच्या टोळीची जुनी वही काढून दिली. त्याच वर्षी दिवाळीनंतर टोळी सहकारी कारखान्यावर गेली होती. टोळीत माणसं नाही, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वहीत पुन्हा आजोबांच्याच नावाने पूर्ण कोयता! मला संतापच आला. भिंत धरून चालणारा माणूस ऊस तोडणार कसा? सहकार सगळ्यांचा, नाव मात्र एकाचं.

आजीबरोबर आत्या गेली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्याची गोष्ट अशी सांगत, की आत्याला शाळेचं वावडं, रोज दप्तर टाकून पळायची, म्हणून वैतागून आजीने तिला सोबत नेलं. बाबा तेव्हा पहिलीत. ते आजोबांजवळ राहिले, शिकले, मास्तर झाले. दर भाऊबीजेला ते आत्याच्या ताटात साडीबरोबर पाटीवरची एक पेन्सिल ठेवतात. "अक्का, आता तरी शाळेत जा," म्हणतात, आणि सगळ्यात मोठ्याने आत्याच हसते.

आजी शाळेच्या दप्तरात मिळणार नव्हतीच, पण गावात आलेच आहे तर बाबांचं नाव बघू म्हणून शाळेत जाऊन त्या वर्षीचं हजेरीबुक उघडलं. चौथीच्या पानावर आत्या दिसली. दिवाळीपर्यंत एकही खाडा नाही. पुढे सलग गैरहजर, आणि मग नावावर लाल रेघ.

तडक आत्याचं घर गाठलं. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"आत्या, तू शाळेतून पळालीस कधी?"

तिचा हात थांबला. "अर्ध्या कोयत्याला मुकादम न्हाई म्हणला. माय एकलीच कशी जाईल? मंग मीच म्हणले, मला शाळा आवडत न्हाई."

म्हणजे आजोबांच्या नावाआड दोघी होत्या, आजी आणि चौथीतली एक मुलगी.

"मग बाबांना एवढी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तवा सांगितलं असतं तर त्यो शाळेत बसला असता व्हय? आन् आता सांगून त्याच्या जिवाला घोर कावून लावायचा? तू बी बोलू नकू."

मी मान डोलावली खरी, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. घरी पोचल्या पोचल्या बाबांना सगळं सांगून टाकलं. दोन दिवस ते धड जेवले नाहीत.

भाऊबीजेला आत्याने ओवाळलं. बाबांनी ताटात साडी ठेवली आणि हात मागे घेतला. आत्याने ताट तसंच धरून ठेवलं. माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिला कळायचं ते कळलं.

"माझी पेन्सिल?"

बाबांचे डोळे भरले. "अक्का, मी लई हसलो तुला."

"तू हसत व्हतास, म्हंजी तुला घोर न्हवता. मला तेवढंच पायजे व्हतं. काढ पेन्सिल."

पेन्सिल बाबांच्या खिशात होतीच. ती ताटात ठेवताना या वेळी त्यांनी 'शाळेत जा' म्हटलं नाही.