वेतमामांची बोटं

वेतमामा घरात आले की आधी खुर्ची पालथी घालायचे. पाणी, ख्यालीखुशाली सगळं नंतर. पालथ्या खुर्चीच्या जाळीवरून बोटं फिरवायचे आणि निकाल द्यायचे. "हिच्यावर साहेब बसतात. डाव्या अंगावर भार टाकतात. उजवा पाय वर घेऊन बसतात की काय?" आमचे हे जेवताना खरोखरच उजवा पाय मांडीखाली घेतात. मामांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मामांना दिसतच नव्हतं. लहानपणी तापात डोळे गेले, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि लगेच वेत भिजवायला बादली मागितली होती.

ते मोहन्याला राहायचे. वर्षातून एकदा आमच्या डोंबिवलीच्या घरी यायचे. खांद्याला वेताच्या सालीचं भेंडोळं, हातात पांढरी काठी. नाव वेगळं होतं, पण सोसायटीत सगळे वेतमामाच म्हणत. आमच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या आहेत, शिसवी, बसायला वेताची जाळी असलेल्या. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेल्या. कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलेला आहे. सोफ्याच्या खोळी कधी धुवायच्या, सतरंज्यांना ऊन कधी द्यायचं, दिवाणाच्या बिजागऱ्यांना तेल कधी घालायचं, ते त्यावर आहे. मामांचा दिवसही त्यावर होता. दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार.

दिवाळीनंतरचा का, तर खुर्च्या दिवाळीतच फाटतात. "तुमची दिवाळी झाली की माझी दिवाळी," मामा म्हणायचे. पंखे पुसायला, आकाशकंदील लावायला लोक वेताच्या खुर्चीवर चढतात आणि टाच आरपार जाते. मामांना ते भोक हाताला लागलं की लगेच कळायचं.

"वहिनी, हे बसून फाटलेलं नाही. कोण उभं राहिलं?"

मी यांच्याकडे बघितलं. हे पेपरात.

"घरात शिडी नाही काय ओ?"

"आहे ना," हे पेपराआडून म्हणाले. "माळ्यावर आहे. ती काढायला खुर्चीवर चढावं लागतं."

मामा इतके हसले की हातातली, साल भोकात अडकवायची खुंटी खाली पडली. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच भोक होतं आणि मामांनी दारातूनच विचारलं, "शिडी उतरली का माळ्यावरून?"

मी दिवा लावला की बटणाचा आवाज ऐकून म्हणायचे, "माझ्यासाठी नको हां, मला उजेडाचा त्रास नाही." पहिल्यांदा मी घाईने दिवा बंद केला होता. नंतर मीही म्हणू लागले, "तुमच्यासाठी नाही मामा, मी तुमच्यावर लक्ष ठेवायला लावलाय." ते त्यांना आवडायचं. आणि मी खरंच लक्ष ठेवायचे. माजिवड्याच्या ऑफिसात आलेला माल तपासून घेणं हेच माझं काम आहे, घरी ते सुटत नाही.

खुर्च्या सांभाळायला त्यांनीच शिकवलं. वेताची वरची बाजू गुळगुळीत, ती पाणी पीत नाही. म्हणून महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने खालून पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. "वरून कितीही पुसा, तो तहानलेलाच राहणार. त्याला पोटातून पाजा." काम करताना ते हॉलमधल्या गालिच्यावर बसायचे, तर गालिच्याबद्दलही त्यांचं मत होतं. मी तो उन्हाळ्यात घडी घालून ठेवते हे त्यांना बसल्याबसल्या हाताला लागलं. "इथे मोडलाय, इथे मोडलाय. घडी नका घालू, गुंडाळा. आणि झाडूने बडवू नका, त्याने काय केलंय तुमचं?" मी ते कागदावर लिहून घेतलं.

विणायला सुरुवात केली की मात्र गप्पा बंद. साली बादलीत भिजवून मऊ करायच्या. आधी उभे धागे, त्यावर आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, आणि शेवटी दोन्ही बाजूंचे तिरपे. तिरपा धागा उभ्याच्या वरून आणि आडव्याच्या खालून जायला हवा, दुसऱ्या बाजूचा तिरपा बरोबर उलटा. एका ठिकाणी वर-खाली चुकलं तर तो धागा शेजारच्याला कापत राहतो आणि वर्षभरात जाळी तुटते. हेही त्यांनीच सांगितलं होतं. इतक्या वर्षांत मला त्यांच्या हातची एकही चूक सापडली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी सापडली. मामा उठून हात धूत होते. मी खुर्ची खिडकीपाशी नेली. मधल्या भागात एक तिरपा जाळीची चार घरं चुकीचा गेला होता. त्याच्या पुढचा आणखी एक.

हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "राहू दे. दिसतंय कुणाला?"

"मला दिसतंय," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं, "मामा, तिरप्यात चुकलंय."

ते ओल्या हातांनीच आले. "कुठे?" मी त्यांचा हात धरून बोट त्या जागी ठेवलं. ते बोट फिरवत राहिले. मग दुसऱ्या हाताचं फिरवलं. "इथे?" "इथेच." त्यांनी मान हलवली. मग खुर्ची उचलून तोंडापाशी नेली आणि खालचा ओठ जाळीवर टेकवून हळूहळू सरकवत गेले, दूध गरम आहे का ते बघावं तसं. चुकलेल्या जागी थांबले. ओठ काढला नाही बराच वेळ.

"साखर आहे मला," ते म्हणाले. "पाय कधीचेच बधिर आहेत. बोटांना मुंग्या येतात, थंडीच्या येतात म्हणून सोडून द्यायचो." मग म्हणाले, "घाई आहे का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. मला माहेरी जायचं होतं.

त्यांनी दोन्ही बाजूंचे तिरपे उसवले. साली पुन्हा भिजवल्या. पुन्हा विणायला बसले. या वेळी दर दोन-तीन धाग्यांनंतर वाकून ओठ लावत होते. तिरप्यांचं जे काम सकाळी दीड तासात झालं होतं, त्याला संध्याकाळ झाली. हे मधे दोनदा येऊन बघून गेले. मी समोर बसून भाजी निवडली, मग इस्त्री केली. शेवटी मामा म्हणाले, "बघा आता." मी खिडकीपाशी नेऊन बघितलं. एक-एक घर बघितलं. चूक नव्हती. तसं सांगितलं. "नीट बघितलंत?" "नीट बघितलं."

रिक्षापर्यंत मी सोडायला गेले. रिक्षात बसताना त्यांनी विचारलं, "मागच्या वर्षीची खुर्ची कशी आहे?" ती चांगली होती. तसं म्हटलं. "मग बोटांचं हे या वर्षातलंच आहे," ते स्वतःशी म्हणाले.

पुढच्या दिवाळीनंतर दुसरा शनिवार आला आणि मामा आले नाहीत. मी फोन केला.

"बंद केलं वहिनी काम," ते म्हणाले. आवाज नेहमीचा होता. "तुमच्याकडून गेलो ना, मग त्या वर्षी ज्यांच्या ज्यांच्या खुर्च्या केल्या होत्या, त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ओठ लावून बघू. मानपाड्याला दोन घरं, कल्याणला तीन, ठाण्याला एक."

"मग?"

"चार घरी चुकलेलं. एका ठिकाणी तर जाळी तुटून वर उशी टाकलेली. मी विचारलं, दिसलं नाही का तुम्हाला? सगळ्यांना दिसलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. कुणी बोललं नाही. छान झालंय मामा, म्हणाले होते सगळे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दया करत होते," मामा म्हणाले. "आणि मी आपला मजुरी घेऊन येत होतो."

मला वाटलं, आता ते म्हणतील की तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. ते तसं म्हणाले नाहीत. सांगायला नको होतं, असंही म्हणाले नाहीत. मी विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना? "घेतो," म्हणाले. साहेबांना नमस्कार सांगा म्हणाले, आणि फोन ठेवला. मी कुकर लावला.

आता एका खुर्चीची जाळी सैल झाली आहे. बाजारात यंत्रावर विणलेली जाळी मिळते, चौकटीत ठोकून देतात, तासाभराचं काम. मी चौकशी करून ठेवली आहे. मामांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा विणलेली खुर्ची मात्र तशीच आहे, घट्ट. हे तिच्यावरच बसतात. ती एका बाजूने थोडी खोल होत चालली आहे. कोणत्या, ते मी डोळे मिटून हात लावून बघितलं. मला काहीच कळलं नाही.