चहाला आलेली माणसं

कणारनने केरळातल्या वडकऱ्याच्या आसपासच्या खाणींत तीस वर्षं जांभा चिरा तोडला. कोपरा उडालेला चिरा तो कधी गाडीत चढवायचा नाही. दुसरा तोडायचा, आणि त्याची वेगळी मजुरी मागायचा नाही.

थोरल्या सजेशच्या शिक्षणाचा सगळा खर्च त्याने उचलला. पोराने पॉलिटेक्निक अर्ध्यावर सोडलं. म्हणून धाकटी निमिषा मंगळूरला नर्सिंगला जायचं म्हणाली तेव्हा त्याने ठरवलं: अर्धी फी आपली, अर्धी तिने बँकेचं कर्ज काढून भरायची आणि नोकरी लागल्यावर फेडायची.

"सगळं हातात दिलं की पोरं अंग चोरतात."

"पोटाला पण अर्धंच घालायचं होतंस मग," बायको, जानू, म्हणाली.

पण निमिषाने मान डोलावली.

आपल्या अर्ध्यासाठी कणारनने पयट्ट ठेवला. तिकडे ज्याला गरज तो गावाला चहाला बोलावतो. त्याने पूर्वी ज्याला ज्याला पैसे दिले, तो ते परत आणतो, वर थोडं जास्त. कणारन कुणाच्या पयट्टाला रिकाम्या हाताने गेला नव्हता. कंबर धरली होती तेव्हाही.

माणसं आली. चहा प्याली, केळ्याचे काप खाल्ले आणि बहुतेक तशीच उठली. शेवटी त्याने खाणीतल्या जोडीदाराला, चात्तूला, दारात गाठलं.

"चात्तू, काही विसरलास का रे?"

"मी? गेल्या महिन्यात सजेशकडे दिले की! बाबांना दारोदार फिरवत नाही, निमिषाची फी भरायचीय, म्हणाला. सगळ्यांकडे येऊन गेला. आजचा चहा त्या पैशांचाच, असं वाटलं आम्हाला."

गेल्या महिन्यात सजेशने टेम्पो आणला होता. कर्जावर घेतला, म्हणाला होता. नारळ कणारननेच फोडला होता.

संध्याकाळी सजेश आला तेव्हा बापाला सगळं कळल्याचं त्याच्या कानावर गेलेलं होतं.

"तुम्ही तिला अर्धेच देणार होता ना? बँक अर्धे देते, तर सगळेही देईल. मला कोण देतंय?"

"माझ्याकडे मागितले असतेस तर नाही म्हटलं असतं," कणारन म्हणाला. "म्हणून माझ्या नावाने मागितलेस."

सजेशने खिशातून चार नोटा काढून टेबलावर ठेवल्या. पयट्टाची वही लिहायला थांबलेल्या चात्तूने कणारनकडे पाहिलं. "घरचेच धरू का हे?"

"पाहुण्याचे लिही. त्याचा पयट्ट असेल तेव्हा परत नेऊन देईन. वर थोडे जास्त."

निमिषा हळूच म्हणाली, "बाबा, मी सगळंच कर्ज काढते."

"अर्धं. ठरलंय तेवढं. माझं मी आणतो. खाण अजून आहे."

जानूने कप गोळा करायला घेतले. सजेश उभाच होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.