देवकीनं थांबवलेला बेल्ट

वाशिंदच्या आमच्या कारखान्यात स्विच जोडायचा एक लांबलचक बेल्ट आहे आणि त्या बेल्टला एक लाल बटण आहे. कुणाचा हात अडकला, पदर गुंतला, तरच ते दाबायचं. एकदा दाबलं की माझ्या कमरेची चावी लावल्याशिवाय बेल्ट हलत नाय. मी धाऊ, इथला वायरमन. माझं डोकं गरम आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्या बटणाच्या वाटेला कुणी उगीच जात नाय. तरी किन्हवलीच्या देवकीनं ते दाबलं, आणि तेव्हा कुणाच्या बोटाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. त्या दुपारची आठवण निघाली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

देवकी बेल्टच्या मध्यावर बसते. सकाळी म्हशीचं दूध काढून, भाकऱ्या थापून, शहापूरला एसटी बदलून येते आणि आल्या आल्या कुणाची तरी फिरकी घेते. मला म्हणते, ‘दादा, आज कुणावर चिडायचं ठरवलंस?’ तोंडानं फटकळ, पण कुणाचं मन मोडणार नाय. तिचं काय मोठं नाव नाय, पेपरात फोटो नाय. एवढ्या वर्षांत तिच्याकडं नीट बघावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

तिच्याच गावचा शेखर. त्याचं अर्धं आयुष्य आमच्या टूलरूममधे साचे घडवण्यात गेलं. मग कंपनीनं ते काम बाहेर दिलं आणि शेखरला आणून बेल्टवर बसवला. आज दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रातपाळी; झोपेचं पार खोबरं झालं. त्यात प्रॉडक्शनचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हातात जान नाही का रे तुझ्या?’ शेखर मान खाली घालून स्प्रिंगा भरत राहिला. पण त्या दिवसापासून त्याचे हात खरंच मंद पडले.

आता आमच्याकडची रीत सांगतो, नायतर पुढचं कळायचं नाय. भातकापणीला सगळे रांगेनं बसतात. ज्याची त्याची पात, म्हणजे इळ्यानं कापत पुढं न्यायचा पट्टा. कुणी मागं पडला तर त्याला बोलून दाखवायचं नाय. दोन्ही बाजूचे शेजारी आपली पात कापता कापता त्याच्या पातीतल्या चार मुठी गुपचूप कापून घेतात. बेल्टवरची माणसं बहुतेक आमच्याच गावांकडची, तेव्हा त्यांनी तेच केलं. शेखरच्या एका बाजूला ऋतिक, दुसऱ्या बाजूला प्रियांका. शेखरच्या राहिलेल्या स्प्रिंगा दोघं भरून टाकायचे. वरच्या बोर्डावर मालाचा आकडा हिरवाच्या हिरवा, साहेब खूश. कल्याणहून येणाऱ्या मनस्वी मॅडम माणसांचं सगळं बघतात. त्यांनी गेटवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं मशीन बसवलं होतं, आज कसं वाटतंय ते दाबून सांगायचं. मागं रांग असते, कोण विचार करत बसणार? आमी सगळे हसरा चेहरा दाबून आत जायचो. शेखरपण हसराच दाबायचा.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. शेखरनं आपला डबा घासून-पुसून देवकीच्या पुढ्यात ठेवला.

‘वयनी, हा तूच ठेव. मला आता लागायचा नाय.’

‘का रे, उपास धरलास?’

तो हसला. ‘माझ्यावाचून काय अडतंय गो? मी बसलो काय, नाय बसलो काय, बेल्ट चालतोयच.’

मला वाटलं, गडी नोकरी सोडतोय. देवकीनं मात्र हातातली भाकरी खाली ठेवली. आवाज न चढवता तिनं सरळ विचारलं, ‘शेखर, जिवाचं काय बरंवाईट करायचं मनात हाय काय?’

असं कुणी विचारतं का? शेखरनं मान फिरवली. ‘नाय’ म्हणाला असता तर बरं वाटलं असतं, पण तो ‘नाय’ म्हणाला नाय. तेवढ्यात भोंगा झाला आणि तो उठून आपल्या जागेवर गेला.

मी पॅनेलपाशी पोचतोय तोवर बेल्ट खाडकन थांबला. मी शिव्या देतच धावलो. बघतो तर देवकी बटणापाशी उभी.

‘मी दाबलं,’ ती म्हणाली. ‘दादा, बस जरा. पाणी पिऊ.’

तिनं आपलं स्टूल ओढून शेखरच्या शेजारी मांडलं. ऋतिक आणि प्रियांकाला सांगितलं, ‘आजपासून ह्याची पात कुणी भरायची नाय.’ मग ती शेखरशीच बोलायला लागली, पण अख्खी लाइन ऐकत होती.

‘गौरी आल्या त्या दिवशी माझा सुरज तापानं गेला, हे गावाला ठाऊक हाय. पुढचं कुणाला ठाऊक नाय. त्या साली कापणीला मी रांगेत बसले. हात चालायचे नायत. शेजारणी माझी पात कापून घ्यायच्या. चांगल्या मनानं घ्यायच्या रे. पण मला वाटायचं, मी नसले तरी शेत कापून होतंय. बांधाला पाण्यानं भरलेली हीर होती. मी तिच्याकडंच बघत बसायची. मग एक दिस वाडीवरची लहानी नावाची म्हातारी इळा टाकून मधेच बसली. म्हणली, दमलो, पाणी पिऊ. सगळ्यांना बसवलं. एकटी माझी पात उभी राहिली. कुणाला हात लावू दिला नाय तिनं. मी रडत रडत कापली, आणि सगळं शेत माझ्यासाठी थांबलं होतं.’

तिनं बेल्टवरचा ट्रे शेखरच्या पुढ्यात ओढला. ‘हा तुझा. पायजे तेवढा टाइम घे. नाय जमला तर नको करू, आमी बसून राहू. पण तुझ्यावाचून हा पुढं जायचा नाय.’

एवढ्यात साहेब आले. ‘कुणाला लागलं?’

‘शेखरला,’ देवकी म्हणाली.

‘कुठे? रक्त कुठाय?’

‘रक्त नाय साहेब. डॉक्टरला दाखवू, तो सांगंल.’

साहेब माझ्याकडं वळले. ‘धाऊ, चावी लाव.’ मी वरचा खिसा चाचपला, खालचा चाचपला, हत्यारांची पेटी उपसली. चावी माझ्या कमरेला लोंबत होती, आंधळ्यालाही दिसली असती. लाइनवर कुणी हसलं नाय.

शेखरनं एक स्प्रिंग उचलली. ती हातातून निसटली. पुन्हा उचलली. एवढा मोठा हॉल, बेल्टचा आवाज बंद, सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले आणि सगळ्यांची नजर त्या एका हातावर. देवळात हात जोडतो तेव्हा माझं मन इकडंतिकडं फिरत असतं, त्या दुपारी नव्हतं. ट्रे भरला आणि शेखर देवकीच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझे डोळे कधी भरले ते मला कळलं नाय.

मनस्वी मॅडम धावत आल्या होत्या, त्या तिथंच फरशीवर बसल्या. काय झालं ते ऐकून त्यांनी कंपनीची गाडी काढायला सांगितली आणि देवकीसोबत स्वतः शेखरला शहापूरला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. त्याच्या घरच्यांनाही बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून देवकीला बोलावणं आलं, तेव्हा तिची नोकरी गेली असंच आमी धरून चाललो. मॅडम तिच्या बाजूनं भांडल्या म्हणे. ती बाहेर आली ती माझीच फिरकी घेत, ‘दादा, चावी सापडली का?’

शेखर औषधपाणी घेऊन, बरीच रजा काढून परत आला. त्याची रातपाळी बंद झाली, अर्धा दिवस साच्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालं. सगळं सुधारलं असं नाय. साहेब अजून ओरडतात, बोर्ड अजून आहेच. पण देवकीनं त्याचा डबा जपून ठेवला होता. पहिल्या दिवशी तिनं तो भरून आणला, चवळीची उसळ आणि तांदळाची भाकरी. ‘माझ्यानं दोन डब्यांचं वझं होत नाय, तुझा तू घे,’ असं म्हणून त्याच्या हातात दिला.

परवा गौरी आल्या. देवकीला सुट्टी मिळाली नव्हती. सकाळपासून तिची बडबड चालूच होती, जरा जास्तच. दुपारी बेल्ट खाडकन थांबला. मी शिव्या देतच धावलो.

बटणापाशी शेखर उभा होता. देवकीसमोरचे ट्रे अर्धे रिकामे होते आणि तिचे हात मांडीवर पडले होते.

‘सुरजचा दिस हाय आज,’ शेखर म्हणाला. ‘पाणी पिऊ.’

त्यानं आपलं स्टूल ओढून तिच्या शेजारी मांडलं. आमच्या कुणासमोर कधी डोळ्यांतून टिपूस न काढलेली देवकी पदरात तोंड घालून रडायला लागली.

वरून साहेबांचा आवाज आला, ‘धाऊ, चावी!’

‘शोधतोय, साहेब,’ मी म्हणालो, आणि कमरेची चावी वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरून ठेवली.