दोन जिवंत बापांचं सुतक

माझे वडील ठणठणीत असताना मी मुंडण केलं. ते त्यांच्यासाठी नव्हतं, दुसऱ्याच एकाच्या वडिलांसाठी होतं. आणि मागाहून कळलं की तेही ठणठणीत आहेत.

हे दुसरे म्हणजे आमच्या दिलराजचे वडील. नव्वदीच्या त्या काळात दिलराज हा हिरो मुंबईत किती मोठा होता, देव जाणे. तळेगाव ढमढेऱ्यात मात्र तो फार मोठा होता. संपतचं कटिंगचं दुकान हे त्याचं हेड ऑफिस! चारी भिंतींवर दिलराज, आणि समोरच्या आरशात पुन्हा दिलराज. त्याच्या घरातलं आम्हाला सगळं ठाऊक. बायकोशी कशावरून बिनसलं, धाकटा भाऊ वेगळा का निघाला, वडिलांची साखर किती. (साखर माझ्या वडिलांना, आबांनाही होती. किती, ते आईला विचारायला लागायचं.)

मी रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होतो, पण टेंपररी. त्यामुळं दोन स्थळं आली तशी माघारी गेलेली. तिसरं वरवंडचं. मुलगी बघून झाली होती, नाव सुनंदा, आणि मला ती इतकी पसंत पडली की परत येताना मी जीपच्या टपावर बसून गाणी म्हटली. आता तिचे वडील आमचं घर बघायला येणार होते. जमलं, तर तिथंच सुपारी फुटणार होती.

त्या दिवशी सकाळी आबा केळी आणि विड्याची पानं आणायला बाजारात गेले. आई मला म्हणाली, "बाळू, संपतकडं जाऊन दाढी करून ये. जरा मानसांत दिस."

दुकानात गेलो, तर संपत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसलेला. डोळे लालभडक, हातात पेपरची पुरवणी.

"बाळ्या, म्हातारा गेला रं आपला!"

फोटोत दिलराज होता. डोक्यावर एक केस नाही, अंगात पांढरे कपडे, मागं नदीचा घाट. खालची बातमी वाचायची सोय नव्हती, कारण मागच्या गिऱ्हाइकाच्या दाढीचा फेस संपतनं नेमका तिच्यावर पुसला होता. पण बातमी हवी कशाला? घाट आहे, टक्कल आहे, बापाला साखर आहे!

"दिलराज आपला कोन?" संपतनं विचारलं.

"भाऊ!"

"मग भावाचा बाप म्हंजी आपला कोन?"

या प्रश्नाचं दुसरं उत्तर मला आजही सुचत नाही. मी खुर्चीत बसलो. वरवंड, सुनंदा, सुपारी, सगळं त्या दुःखात वाहून गेलं. (संपतचे केस मात्र शाबूत राहिले. त्याचं म्हणणं, स्वतःची हजामत स्वतःला होत नसती.)

घरी आईनं मला बघितलं आणि किंचाळली, "मुडद्या, बाप जित्ता हाय की तुजा!"

तेवढ्यात दारात जीप थांबली. आईनं हाताला लागली ती कानटोपी माझ्या डोक्यात कोंबली. मे महिना होता.

सुनंदाचे वडील उतरले. त्यांना मी मामा म्हणत होतो. बरोबर तिचा भाऊ, दौंडला रेल्वेत नोकरीला.

"का हो बाळासाहेब, थंडी वाजतीय?"

"कनकन हाय जरा, मामा," असं म्हणून मी पाया पडायला वाकलो, आणि कानटोपी मामांच्या चपलेवर पडली.

मामांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. तिनं लाजेनं पदर पार भुवयांपर्यंत ओढला होता आणि डोळे पुसत होती. मग त्यांनी सगळीकडं आबांना शोधलं. आबा कुठंच नाहीत. मामांनी पाण्याचा तांब्या न पिताच खाली ठेवला.

"अरारा! चांगला मानूस व्हता. कळवायचं तरी!"

"मामा, ऐका तर..."

"काय बोलू नगंस लेकरा. रड. मोकळा हो."

मी रडलो, खरंच रडलो. डोळ्यांदेखत स्थळ चाललं होतं!

"पानी नगं वहिनी, सुतकाचं घर हाय. येतो आमी. दहाव्याला..."

"राम राम पाव्हणं!" आबा केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन दारात उभे होते. "बसा की! उभं का?"

मामांचे हात जुळायला निघाले आणि मधेच थांबले. आबांनी माझं डोकं बघितलं. घड हळूच खाली ठेवला.

"कोन गेलं?"

"दिलराजचे वडील, आबा."

"कुठला दिलराज? आपल्या भावकीत तर कोन न्हाई."

"हिरो हाय. पिक्चरमधला."

सुनंदाचा भाऊ खाकरला. "त्याचं वडील चांगलं हायेत की. नव्या पिक्चरसाठी टक्कल केलंय त्यानं. फोटोच्या खालीच लिव्हलं व्हतं."

"म्हंजी तिकडचा बाप जित्ता, हिकडचा बाप जित्ता," आबा म्हणाले, "आन् ह्यो कुनाचं सुतक पाळतोय? पाव्हणं, तुम्ही मोकळं हाय. असल्या येड्याला म्याबी पोरगी दिली नसती."

मामा पुन्हा खाली बसले. माझ्या डोक्याकडं बघत तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याले.

"आबा, जमलं समजा," ते म्हणाले. "वळख न्हाई, पाळख न्हाई, त्याच्या बापासाठी ह्यानं केस दिलं. मी तर सख्खा सासरा! माझ्या टायमाला ह्यो भुवयाबी काढंल. काय बाळासाहेब?"

"काढतो की, मामा!" मी म्हणालो. घाईघाईनं शब्द देऊन बसलो. सुपारी फुटली.

लग्न माझे केस आल्यावर करायचं ठरलं. दिलराजचे केस पुढच्या पिक्चरपर्यंत आले. माझे थोडे आले, इकडंतिकडं बघितलं आणि कायमचे गेले. शेवटी फेट्यावर निभावलं. (सुनंदाला दिलराज बघवत नाही, हे लग्नानंतर कळलं.)

आबा आता थकलेत, पण ओटीवर बसून अजून माझ्या डोक्याकडं बघतात आणि विचारतात, "आरं, माझ्या टायमाला काय काढनार तू?"

भुवया आहेत अजून, पण त्या वरवंडला कबूल केल्यात.